‘खर्चासह मंजूर’: मावळातली जमीन आणि सरकारशी भांडण्याचा हिशोब

कोर्टाचा निकाल हातात आला की माणूस आधी आकडा शोधतो. किती वाढवून मिळालं? दर एकरी काय धरला? शेवटची ओळ बहुतेक जण वाचतच नाहीत. ती तीन-चार प्रकारचीच असते. ‘अर्ज खर्चासह मंजूर.’ किंवा ‘खर्चाबाबत हुकूम नाही.’ किंवा ‘उभय पक्षांनी आपापला खर्च सोसावा.’ या पोस्टचा विषय ही शेवटची ओळ आहे. एवढ्याशा ओळीला दीडशे वर्षांचा इतिहास आहे, आणि त्याचा बराच भाग आपल्या मावळाच्या जमिनीवरून समजून घेता येतो.

माझं संशोधन मावळ आणि लगतच्या मुळशीतल्या भूसंपादनावर आहे, हे नेहमीच्या वाचकांना माहीत आहे. आधी रेल्वे, मग टाटांची जलविद्युत धरणं, मग पवना धरण, मग एक्सप्रेसवे. आंदर मावळ, नाणे मावळ, पवन मावळ, यातला कुठलाच पट्टा सुटलेला नाही. या विषयावर बोलायला लागलं की एक प्रश्न हमखास येतो: “सरकारविरुद्ध केस जिंकली तर वकिलाचे पैसे सरकारकडून मिळतात का हो?”

छोटं उत्तर: कायदा म्हणतो, हो. निदान १८७० पासून म्हणतोय. लांब उत्तरासाठी जरा मागे जावं लागेल.

राजाकडून खर्च मागायचा?

इंग्लंडमध्ये जुना नियम असा होता की राजा खर्च देत नाही आणि घेतही नाही. कोर्टात प्रजेने राजाला हरवलं तरी तिचा खर्च तिच्याच पदरात. हा नियम तिथे बऱ्यापैकी मोडला तो थेट १९३३ च्या कायद्याने. पुढे १९४७ च्या कायद्याने सरकारला सर्वसाधारण प्रतिवादीच्या पंक्तीत आणून बसवलं.

हिंदुस्थानात मात्र गोष्ट वेगळी घडली, आणि त्याचं कारण गमतीशीर आहे. इथलं सरकार हे मुळात एक दुकान होतं. ईस्ट इंडिया कंपनीवर कुठल्याही व्यापाऱ्यासारखा दावा लावता येत असे. १८५८ मध्ये कंपनीचा कारभार राणीकडे गेला तेव्हा कायद्याने सांगितलं की कंपनीवर जसे दावे लागत होते तसेच आता ‘सेक्रेटरी ऑफ स्टेट फॉर इंडिया इन काउन्सिल’वर लागतील. १८६१ मध्ये कलकत्त्यात एका जहाज कंपनीने सरकारी गोदीतल्या मजुरांच्या निष्काळजीपणामुळे आपला घोडा जखमी झाला म्हणून दावा केला आणि ३५० रुपये नुकसानभरपाई मिळवली. साडेतीनशे रुपयांच्या घोड्यावरून निघालेला हा निकाल सरकारच्या जबाबदारीबद्दल आजही वकील सांगतात.

आपली राज्यघटनासुद्धा कलम ३०० मध्ये हाच धागा पुढे नेते. त्यामुळे इथे सरकार हरलं तर खर्च देणार, ही कल्पना इंग्लंडच्या आधी रुळली. लगेच हुरळून जाऊ नका. सरकारला जिथे खरंच दुखेल तिथली दारं बंदच होती. मुंबई इलाख्यात १८७६ च्या महसूल अधिकारितेच्या कायद्याने शेतसाऱ्याचे बहुतेक वाद दिवाणी कोर्टाच्या बाहेर काढले. इनामं आणि तनखे यांचे दावे लावायला १८७१ च्या पेन्शन कायद्याखाली आधी कलेक्टरचा दाखला लागायचा. उरलं काय? संपादन केलेल्या जमिनीची किंमत. म्हणून सामान्य खातेदार सरकारसमोर ‘पक्षकार’ म्हणून उभा राहिला तो मुख्यतः भूसंपादनातच.

एका रुपयाचा विजय

बोरघाटातून रेल्वे चढली १८६३ मध्ये. खंडाळ्यापासून पुण्यापर्यंतची लाइन त्याआधीच, १८५८ मध्ये सुरू झाली होती. त्या काळात जमीन घेण्याचा सगळ्या देशासाठीचा कायदा होता १८५७ चा. त्यात किंमतीचा वाद लवादाकडे जायचा, आणि लवादांनी भ्रष्टाचार वा गैरवर्तन केल्याचं दाखवता आलं नाही तर त्यांचा निवाडा पक्का. कोर्टाचा फारसा संबंधच नाही.

१८७० चा कायदा आला आणि चित्र पालटलं. कलेक्टरने रक्कम देऊ करायची. ती मान्य झाली नाही तर कलेक्टरनेच प्रकरण दिवाणी कोर्टाकडे पाठवायचं. तिथे न्यायाधीशाबरोबर दोन असेसर बसणार, एक सरकारच्या बाजूने नेमलेला, एक जमीनवाल्याच्या बाजूने. आणि खर्चाचा नियम सरळसोट: कोर्टाने दिलेली रक्कम कलेक्टरने देऊ केलेल्या रकमेपेक्षा जास्त निघाली, मग ती कितीही थोडी का असेना, की सगळा खर्च कलेक्टरवर.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा नाणे मावळातल्या खातेदाराला कलेक्टरने १,००० रुपये देऊ केले. त्याने मागितले ५,०००. कोर्टाने ठरवले १,०२५. म्हणजे मागणीच्या मानाने खातेदार जवळजवळ हरलाच. पण १८७० च्या कायद्याने २५ रुपये वाढले ना, मग दोन्ही बाजूंचा खर्च सरकारने द्यायचा!

सरकारला हे झोंबलं नसतं तरच नवल. १८९४ च्या कायद्याचं विधेयक मांडताना जी कारणं दिली गेली त्यात हा मुद्दा ठळक होता. खर्च अंगावर येण्याची भीतीच नसल्यामुळे लोक अवाच्या सवा मागण्या करतात, कलेक्टरने काहीही देऊ केलं तरी नाकारतात, कारण नाकारण्यात त्यांचं काहीच जात नाही, अशी ही तक्रार. अभ्यासक म्हणून मला ही कबुली मोलाची वाटते. खर्च सरकार देणार असेल तर लोक कोर्टात येतात, हे सरकारनेच कागदावर मान्य केलं होतं. तक्रार खोटी नव्हती. पण कलेक्टर मुळात कमी किंमत देऊ करत असेल तर लोकांनी नाकारणं हा सट्टा की शहाणपण, हा प्रश्न त्या कारणांच्या यादीत नव्हता.

म्हणून १८९४ च्या कायद्यात दोन बदल झाले. पहिला कमी चर्चेतला आहे, पण माझ्या मते जास्त महत्त्वाचा. आता कलेक्टर प्रकरण आपणहून कोर्टात पाठवत नाही. तो स्वतः निवाडा करतो. तो पसंत नसेल तर तुम्ही कलम १८ खाली लेखी अर्ज करायचा, तोही ठरलेल्या मुदतीत. निवाड्याच्या वेळी हजर असाल तर सहा आठवडे. रक्कम उचलताना ‘हरकत राखून’ उचलली नसेल तर अर्ज करायचा हक्कच संपला. पूर्वी सरकार तुम्हाला कोर्टात नेत होतं. आता तुम्ही स्वतः उठून, पदरचे पैसे घालून जायचं.

दुसरा बदल कलम २७. कलेक्टरचा निवाडा टिकला नाही तर खर्च ‘सामान्यतः’ कलेक्टरने द्यावा. पण अर्जदाराची मागणी फारच अवास्तव असेल किंवा कलेक्टरसमोर बाजू मांडण्यात त्याने हयगय केली असेल, तर त्याच्या खर्चातून काही कापावं, नाहीतर कलेक्टरच्या खर्चाचा काही भाग त्याच्यावर टाकावा. आपल्या नाणे मावळवाल्याला आता २५ रुपये वाढवून मिळाले तरी न्यायाधीश म्हणू शकतो, “१,०२५ च्या जमिनीला ५,००० मागितलेस, घे आता सरकारच्या खर्चातला वाटा.” जिंकून घरी जाताना खिसा हलका.

‘सामान्यतः’, ‘अवास्तव’, ‘हयगय’ हे तीन शब्द लक्षात ठेवा. पुढे परत भेटतील.

हुकूमनाम्याच्या तळाचा तक्ता

खर्च म्हणजे नक्की काय, हे पाहायचं असेल तर १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेतला हुकूमनाम्याचा नमुना काढून बघा. तळाशी दोन रकान्यांचा तक्ता आहे, डावीकडे वादी, उजवीकडे प्रतिवादी. त्यात दावा-अर्जाचा स्टॅम्प, वकीलपत्राचा स्टॅम्प, दाखल कागदांचा स्टॅम्प, वकिलाची फी, साक्षीदारांचा भत्ता, कमिशनरची फी, समन्स बजावणीचा खर्च, आणि खाली एकूण.

जुन्या प्रकरणांत निकालपत्राच्या आधी मी हा तक्ता बघते. सगळ्यात फसवी ओळ वकिलाच्या फीची. तिथे लिहिलेली रक्कम म्हणजे तुम्ही वकिलाला प्रत्यक्ष दिलेले पैसे नव्हेत. ती ठरावीक तक्त्याप्रमाणे, दाव्याच्या रकमेवरून ‘धरलेली’ फी. वकिलाने किती घेतले हे त्याला आणि तुम्हालाच माहीत. दोन आकड्यांतला फरक तुमचा.

आता तक्त्यात काय नाही ते बघू. वडगावहून किंवा लोणावळ्याहून पुण्याला जाण्यायेण्याचं भाडं. तारीख पडली की बुडालेला दिवस. आवणीच्या दिवसात तारीख आली तर बुडालेलं काम. तलाठ्याकडून उतारा काढायला मारलेल्या चकरा. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, केस चालवायला सावकाराकडून काढलेल्या पैशाचं व्याज. केस आठ-दहा वर्षं चालली तर ही न मोजलेली बाजू मोजलेल्या बाजूला सहज गिळते. संहितेच्या कलम ३५ मध्ये तत्त्व अगदी स्वच्छ आहे: जो जिंकेल त्याला खर्च, आणि तसा द्यायचा नसेल तर न्यायाधीशाने कारण लिहावं. तत्त्वात खोट नाही. खोट तक्त्यात आहे.

वरच्या कोर्टात गेलात तर आणखी एक जिना. १८७० च्या कोर्ट फी कायद्याप्रमाणे भूसंपादनाच्या अपिलात फी लागायची ती मिळालेली रक्कम आणि मागितलेली रक्कम यांच्या फरकावर. म्हणजे जितका मोठा अन्याय झाला असं तुम्हाला वाटतं, तितका स्टॅम्प मोठा. आणि तो आधी भरायचा.

मुळशीचे लोक कोर्टात का गेले नाहीत?

हा प्रश्न मला एका चर्चासत्रात विचारला गेला होता. तिथे घाईत दिलेलं उत्तर इथे सविस्तर देते.

टाटांची पहिली योजना लोणावळ्याची. फेब्रुवारी १९११ मध्ये पायाभरणी, १९१५ मध्ये खोपोलीला वीज. लोणावळा, वळवण, शिरवता हे तलाव त्याच योजनेतले. मग आंदर मावळात ठोकरवाडी. मग मुळा-नीला खोऱ्यात मुळशी, जिथे सुमारे पन्नास गावांवर पाणी येणार होतं. १६ एप्रिल १९२१ ला, रामनवमीच्या दिवशी, सत्याग्रह सुरू झाला. सेनापती बापट, विनायकराव भुस्कुटे ही नावं आणि ‘जान किंवा जमीन’ ही घोषणा शाळेच्या पुस्तकातून ओळखीची आहे.

आता कोर्टाच्या बाजूने बघा. १८९४ च्या कायद्याप्रमाणे सरकारने एकदा जाहीर केलं की जमीन सार्वजनिक कामासाठी किंवा कंपनीसाठी हवी आहे, की ते जाहीरनामापत्र हाच अखेरचा पुरावा. ‘माझी जमीन घेऊच नका’ असं कोर्टात म्हणायला जागा नव्हती. हरकत ऐकून घेण्याचं कलम, ५-अ, कायद्यात आलं ते १९२३ च्या दुरुस्तीने. म्हणजे सत्याग्रहाला दोन वर्षं होऊन गेल्यावर. कोर्टात भांडता येत होतं ते फक्त किंमतीवर, आणि मुळशीच्या लोकांची घोषणा किंमतीची नव्हती.

दुसरं, किंमत मिळणार कोणाला? सातबारावर किंवा तेव्हाच्या खात्यावर ज्याचं नाव त्याला. मुळशीतल्या बऱ्याच जमिनी पुण्याच्या सावकारांकडे गेलेल्या होत्या आणि मावळे त्या कसत होते. राजेंद्र व्होरांनी मुळशीवरच्या आपल्या अभ्यासात हा भेद नीट दाखवला आहे. वाढीव मोबदल्यासाठी कोर्टात जाणं, कलम २७ खाली खर्च वसूल करणं, ही सोय खातेदाराची. कसणाऱ्याच्या वाट्याला ना मोबदला, ना खर्चाचा तक्ता.

तिसरं, समोर कोण उभं असणार? मुळशीचं संपादन कंपनीसाठी होतं. अशा संपादनाचा सगळा भार कंपनीने सोसायचा, असं कायदाच सांगतो. शिवाय कलम ५०(२) प्रमाणे कंपनीला मोबदल्याच्या सुनावणीत हजर राहून पुरावा द्यायची मुभा. म्हणजे एका बाजूला खातेदार, दुसऱ्या बाजूला कलेक्टर आणि त्याच्या शेजारी कंपनीचा वकील. खर्च शेवटी ‘सरकार’ देणार म्हणजे कंपनी देणार, आणि कंपनीच्या भांडवलाच्या हिशोबात तो आकडा चिमूटभर.

चौथं कारण त्या वर्षाचं. १९२० अखेरच्या नागपूर काँग्रेसनंतर असहकाराच्या कार्यक्रमात कोर्टांवरचा बहिष्कार होता. वकिलांना वकिली सोडायला सांगितलं जात असताना सत्याग्रहींनी कलम १८ चे अर्ज भरत बसणं विचित्रच दिसलं असतं.

याच सुमारास पुण्यात ‘कोर्टाचा खर्च’ हा शब्द घराघरात पोचलेला होता, तो टिळकांमुळे. व्हॅलेंटाइन चिरोलवर लंडनमध्ये लावलेला बदनामीचा दावा टिळक फेब्रुवारी १९१९ मध्ये हरले. तो दावा सरकारवर नव्हता, पण सरकारची मदत चिरोलच्या मागे होती. हरणाऱ्याने जिंकणाऱ्याचा खर्च द्यायचा या इंग्रजी नियमाचा बोजा टिळकांवर आला आणि तो उतरवायला इकडे फंड उभारावा लागला. लोकमान्यांना फंड उभा राहतो. आंबवण्याच्या किंवा ताम्हिणीच्या कुळाला कोण उभारून देणार? ‘जिंकलास तर खर्च मिळेल’ या वाक्याला ‘हरलास तर द्यावा लागेल’ ही शेपटी असते, आणि गरीब माणूस शेपटी आधी पाहतो.

याच १९२१ सालात भूसंपादन कायद्यात आणखी एक दुरुस्ती झाली. कोर्टाचा निवाडा हा हुकूमनामा मानला जाईल, असं कलम २६ ला जोडलं गेलं. त्यामुळे त्यात लिहिलेली रक्कम, खर्चासकट, हुकूमनाम्यासारखी वसूल करण्याचा रस्ता पक्का झाला. सत्याग्रहाशी याचा संबंध जोडायचा मोह होतो, पण तसा तो नाही. त्या सुधारणेमागचे वाद अपिलाच्या हक्काचे होते आणि ते वरच्या कोर्टांत आधीपासून चालू होते.

नंतरची शंभर वर्षं, जरा भरभर

स्वातंत्र्यानंतर ‘सेक्रेटरी ऑफ स्टेट’च्या जागी ‘स्टेट ऑफ बॉम्बे’ आणि १९६० नंतर ‘महाराष्ट्र शासन’ आलं. कायदा १८९४ चाच. पवना धरणाची जमीन त्याच कायद्याच्या जमान्यात गेली.

१९७६ मध्ये दिवाणी संहितेत नवा आदेश आला, २०-अ. ज्यांचे खटले चालू आहेत त्यांनी हा जरूर वाचावा, कारण बरेच जण यातलं काही मागतच नाहीत. दाव्याआधी कायद्याने द्यावी लागणारी नोटीस (सरकारवर दावा म्हणजे कलम ८० ची दोन महिन्यांची नोटीस आलीच), टायपिंग, कागदपत्रांची तपासणी, समन्स न काढता स्वतः आणलेल्या साक्षीदारांचा खर्च, अपिलासाठी काढलेल्या निकालाच्या नकला, हे सगळं खर्चात धरता येतं. पावत्या जपून ठेवाव्या लागतात, एवढंच.

पावत्यांचं महत्त्व आणखी एका कारणाने. १९८८ मध्ये पुण्याच्याच विशेष भूसंपादन अधिकाऱ्याविरुद्धच्या चिमणलाल हरगोविंददास प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने किंमत ठरवण्याची सूत्रं एकत्र मांडली. देशभर कुठेही वाढीव मोबदल्याची केस असली तरी हा निकाल निघतोच. त्यात म्हटलं आहे की भूसंपादन अधिकाऱ्याचा निवाडा हा फक्त एक प्रस्ताव आहे, आणि तो अपुरा आहे हे दाखवण्याची जबाबदारी वादीसारखी अर्जदाराची. ऐकायला बरोबर वाटतं. पण याचा अर्थ असा की आजूबाजूच्या खरेदीखतांच्या नकला तुम्ही काढायच्या, मूल्यांकन करणारा तज्ज्ञ तुम्ही आणायचा, नकाशा तुम्ही दाखल करायचा. सरकारचा ‘प्रस्ताव’ चूक होता हे सिद्ध करायला तुमचे पैसे आधी जातात.

१९८४ च्या दुरुस्तीने दोन गोष्टी सोप्या केल्या. खरेदीखताची प्रमाणित नक्कल पुरावा म्हणून घ्यायची मोकळीक कोर्टाला मिळाली, त्यामुळे प्रत्येक व्यवहारातला माणूस साक्षीला आणायची कटकट कमी झाली. आणि कलम २८-अ आलं: एकाच अधिसूचनेतल्या एकाने कोर्टात जाऊन वाढ मिळवली, तर जे गेले नव्हते तेही तीन महिन्यांत अर्ज करून त्या निवाड्याच्या आधारे फेरनिर्धारण मागू शकतात. खर्चाच्या दृष्टीने हे कलम मला फार आवडतं. एकाने दिवा लावावा आणि वाडीत उजेड पडावा, तशी योजना. तेल मात्र त्या एकाचंच. त्याच दुरुस्तीत दिलासा रक्कम १५ टक्क्यांवरून ३० टक्के झाली आणि व्याज वाढलं. कलम २७ ला कोणी हात लावला नाही.

खोट्या किंवा त्रासदायक बचावासाठी वेगळा भुर्दंड लावणारं कलम ३५-अ १९२२ पासून आहे. तेव्हा मर्यादा १,००० रुपये. १९७६ मध्ये ती ३,००० झाली. सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये सेलम बार असोसिएशनच्या प्रकरणात सांगितलं की खर्च हा वाजवी आणि प्रत्यक्षाशी धरून असला पाहिजे, ‘आपापला खर्च सोसावा’ म्हणण्याची सवय बरी नाही. २०११ मध्ये संजीवकुमार जैन प्रकरणात ३,००० ची मर्यादा निदान एक लाख करा असं सुचवलं. २०१२ मध्ये विधी आयोगाने २४० वा अहवाल फक्त खर्चावर दिला. २०१५ मध्ये व्यापारी दाव्यांसाठी खर्चाचं कलम नव्याने लिहिलं गेलं. शेतकऱ्याच्या दाव्याला मात्र जुनंच.

हायकोर्टातल्या रिट याचिकेचं वेगळंच. तिथे सरकारचा हुकूम रद्द होतो, याचिकाकर्ता जिंकतो, आणि शेवटी छापल्यासारखं वाक्य येतं: खर्चाबाबत हुकूम नाही. लोणावळ्याहून मुंबईला केलेल्या सगळ्या फेऱ्या त्या तीन शब्दांत जातात. अमेरिकेत १९८० पासून असा कायदा आहे की सरकारची भूमिका पुरेशी समर्थनीय नव्हती असं ठरलं तर जिंकणाऱ्या नागरिकाला किंवा लहान धंद्याला वकिलाची फी सरकारने द्यायची. आपल्याकडे २०१० च्या राष्ट्रीय वाद धोरणाने सरकार हाच सगळ्यात मोठा पक्षकार असल्याचं मान्य केलं, पण असा हक्क काही दिला नाही.

हुकूमनामा हातात, पैसे कुठे?

समजा सगळं मनासारखं झालं. अर्ज खर्चासह मंजूर, तक्त्यात आकडाही बरा. पुढे? दिवाणी संहितेचं कलम ८२ म्हणतं की सरकारविरुद्धचा हुकूमनामा तीन महिने अतृप्त राहिल्याशिवाय त्याची अंमलबजावणी सुरू करता येत नाही. शेजाऱ्याविरुद्ध जिंकलात तर अशी थांबायची सक्ती नाही. तीन महिने झाले की दरखास्त लावायची. दरखास्तीला पुन्हा वकीलपत्र, पुन्हा स्टॅम्प, पुन्हा तारखा. तरी पैसे नाही आले तर जप्तीचं वॉरंट. कलेक्टर कचेरीतल्या खुर्च्या, कॉम्प्युटर, सरकारी गाडी जप्त करायला बेलिफ आल्याच्या बातम्या महाराष्ट्रात कुठे ना कुठे येत असतात. वाचताना आपल्याला गंमत वाटते. त्या खुर्चीमागे एखाद्या खातेदाराची पंधरा-वीस वर्षं असतात.

सरकार पैसे भरतं तेही बहुधा तुकड्यातुकड्याने. मग वाद असा की आलेला हप्ता आधी कशात वळता करायचा, खर्चात, व्याजात की मुद्दलात? मुद्दल आधी फिटलं तर व्याज थांबतं, म्हणून हा नुसता कीस नव्हे. या एका प्रश्नावर २००६ मध्ये गुरप्रीत सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाचं घटनापीठ बसलं होतं.

ज्यांच्याकडे सुरुवातीचे पैसेच नाहीत त्यांच्यासाठी संहितेत आदेश ३३ आहे, निर्धनाचा दावा. कोर्ट फी माफ. पण माफ म्हणजे उधार. असा माणूस जिंकला तर सरकारची कोर्ट फी त्याने जिंकलेल्या मिळकतीवर पहिला बोजा म्हणून बसते. विधी सेवा प्राधिकरणाचा १९८७ चा कायदा जास्त उदार आहे. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती, ठरावीक उत्पन्नाखालचे लोक यांना वकील मोफत मिळू शकतो. तालुका पातळीवरच्या समितीकडे अर्ज करता येतो, वकील लावायच्या आधी एकदा चौकशी करा.

आणि ते तीन शब्द? २०१३ मध्ये १८९४ चा कायदा गेला. नवा कायदा आला, नाव बदललं, दिलासा रक्कम शंभर टक्के झाली, पुनर्वसन आलं, सामाजिक परिणामांचा अभ्यास आला. किंमतीचा वाद आता कोर्टाऐवजी प्राधिकरणाकडे जातो. त्या कायद्याचं कलम ७१ काढा. कलेक्टरचा निवाडा टिकला नाही तर खर्च ‘सामान्यतः’ कलेक्टरने द्यावा, मागणी ‘अवास्तव’ नसेल आणि ‘हयगय’ केली नसेल तर. १८९४ चं कलम २७ आणि हे कलम शेजारी ठेवून वाचलं तर कोर्टाच्या जागी प्राधिकरण, एवढाच फरक डोळ्यात भरतो.